चार नकार आणि एक मासा

आमच्या नॉर्डबी गावात माझ्याबद्दल असा समज आहे की ऑर्विन टॉलफ्सनने माशाची लांबी सांगितली की तिला दोनाने भागावं. माझी बायको लव्हॉन तीनाने भागते. पण आज जे सांगतोय त्याला भागाकाराची गरज नाही. या हकिकतीची एका विद्यापीठाच्या दप्तरात नोंद आहे, आणि तिथे मी शपथेवर बोललो होतो. शपथेवर बोलण्याची सवय नसल्यामुळे मला तेव्हा फार त्रास झाला, हेही खरं आहे.

गावच्या धान्यकोठाराचे हिशेब मी एकतीस वर्षं ठेवले. मग कोठार एका मोठ्या कंपनीने गिळलं. ओमाहाहून एक बाई आल्या, माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि मला सोडून माझ्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "या जागेला हिशेबशास्त्राची पदवी लागते." खुर्ची काहीच बोलली नाही. मीही बोललो नाही. चार वर्षांची मुदत मिळाली. एक मार्चपर्यंत पदवी दाखवायची, नाहीतर मागच्या शेडमध्ये खताच्या गोण्यांवर देखरेख करायची. त्या शेडमध्ये माझ्या आधी ज्याला पाठवलं होतं तो अजून अधूनमधून शिंकतो.

तेव्हा वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी दूरच्या एका राज्यातल्या विद्यापीठात ऑनलाइन विद्यार्थी झालो. ऑनलाइन शिक्षणात प्राध्यापक पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसतात आणि वर्गमित्र दिसतच नाहीत. दर आठवड्याला आपलं मत लिहायचं आणि दोन वर्गमित्रांच्या मतांवर अभिप्राय द्यायचा, त्याला गुण असतात. मी प्रामाणिकपणे लिहायचो, "वाईट नाही." आमच्या मिनेसोटात याहून मोठी स्तुती माणूस जिवंत असेपर्यंत करत नाहीत. विद्यापीठाने मला कळवलं की माझा सहभाग उदासीन आहे, आणि पाच गुण कापले. पुढे मी "उत्तम! विचारप्रवर्तक!" असं लिहायला शिकलो. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी पडदे ओढून घेतले होते.

असं करत करत सगळे पेपर सुटले. उरला फक्त लेखापरीक्षणाचा. आणि तिथे माझं घोडं अडलं.

ही परीक्षा घरून द्यायची, पण कॅमेऱ्यासमोर. दूर कुठेतरी एक पर्यवेक्षिका बसून तीन तास तुमच्याकडे बघत असते. खोलीत दुसरं कोणी येता कामा नये. तुम्ही बोलायचं नाही, हात सतत दिसले पाहिजेत, नजर स्क्रीनवरून हलायला नको. दोनदा बसायला मिळतं. तिसरी संधी पुढच्या सप्टेंबरात.

आता, आमच्या गावात दाराला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्यावर चोरीचा आळ घेणं. आणि कोणाला "येऊ नका" असं तोंडावर सांगणं तर त्याहून वाईट. म्हणून मी सगळ्यांना आमच्या पद्धतीने सूचना दिली. चर्चमध्ये कॉफी घेताना शेजारच्या आर्डिसला म्हणालो, "शनिवारी सकाळी मी जरासा कामात असेन बहुतेक."

आर्डिसने त्याचा अर्थ घेतला की बिचाऱ्याला त्या दिवशी स्वयंपाक करायला वेळ मिळणार नाही. लव्हॉन बहिणीकडे गेली होती. शनिवारी अकराव्या प्रश्नावर असताना मागचं दार उघडलं आणि आर्डिस हातात हॉटडिशचं तापलेलं भांडं धरून माझ्या मागे उभी राहिली.

"मी काही थांबत नाही हं," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "खिमा घातलाय, नूडल्स घातल्यात, वरून मशरूमचं सूप. अय्या, ही कोण बाई दिसतेय तुझ्या मशीनमध्ये? अहो बाई, तुम्ही जेवलात का?"

परीक्षा तिथेच रद्द झाली. हॉटडिश चांगलं होतं. मी ते उभ्या उभ्या, रडवेल्या तोंडाने, भांड्यातच खाल्लं.

उरली एक संधी. तारीख, बावीस फेब्रुवारी. कोठारात खुर्चीवर बसलो की वाटायचं, ही आपल्याकडे परकेपणाने बघतेय. एकदा तर मला स्वप्नात शिंक आली.

सगळं गाव सल्ला द्यायला पुढे आलं. कोणी म्हणालं वाचनालयात बस. वाचनालयाची खोली काचेची, आणि जाणारा-येणारा हात करणार. आपण उलट हात केला नाही तर दुसऱ्या दिवशी घरी डॉक्टर पाठवतील. पाद्रीबाईंनी चर्चचं तळघर देऊ केलं, पण तिथे शनिवारी गोधड्या शिवणाऱ्या बायका असतात आणि त्यांना हलवायची छाती पाद्रीबाईंचीही नाही. लव्हॉन म्हणाली, "दाराला कुलूप लाव की रे सरळ!" मग आमचं आम्हालाच ते कसंतरी वाटलं. शिवाय कुलूप सापडलंही नाही.

शेवटी मार्ग काढला व्हर्लिन क्विस्टाडने. व्हर्लिन माझा पन्नास वर्षांचा मित्र आणि गावच्या हौशी अग्निशमन दलाचा प्रमुख. हिवाळ्यात आमचं तळं गोठलं की लोक त्यावर मासेमारीच्या लाकडी खोप्या ओढत नेऊन ठेवतात. व्हर्लिनची खोपी सगळ्यांपासून लांब, पलीकडच्या काठाजवळ, आणि बरोब्बर त्याच काठावर मोबाइलचा मनोरा. चार कोऱ्या भिंती, एक शेगडी, एक टेबल. माणसाचा वावर नाही.

"मी सकाळी जाऊन बर्फात भोक पाडून, गळ लावून ठेवतो," व्हर्लिन म्हणाला.

"नको रे, कशाला उगाच," मी म्हणालो.

"त्रास कसला त्यात?"

"नको, खरंच नको."

"बाबांची काठी लावतो. छान वाकते."

"नको, नको."

इथे माझी चूक झाली, आणि ती फक्त आमच्याकडचाच माणूस करू शकतो. आमच्याकडे पहिला नकार हा शिष्टाचार असतो. दुसरा नकार हाही शिष्टाचारच. तिसरा नकार म्हणजे होकार. खरोखरीच नको असेल तर चौथ्यांदा म्हणावं लागतं, पण ते इतकं उर्मट समजतात की मी उभ्या आयुष्यात कोणाला चौथ्यांदा नाही म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशीही जीभ रेटली नाही.

बावीस तारखेला सकाळी पावणेदहाला लॅपटॉप कोटाच्या आत पोटाशी धरून मी खोपीचं दार ढकललं. शेगडी पेटलेली, टेबल पुसलेलं, आणि टेबलाच्या उजव्या पायाशी, फळ्या बाजूला सरकवून, बर्फात टोपलीएवढं गोल भोक. आत काळंभोर पाणी. भोकावर व्हर्लिनच्या वडिलांची काठी टेकवलेली, तिच्या टोकाला पितळी घंटी. मासा लागला की घंटी वाजते.

गळ काढून ठेवावा असं मनात आलं. पण व्हर्लिनने पहाटे उठून लावलेला गळ काढायचा म्हणजे त्याने प्रेमाने आणलेला पाव त्याच्याच तोंडावर फेकून मारण्यासारखंच. शिवाय त्या खोपीत गेल्या नऊ वर्षांत एकही मासा लागला नव्हता. मी तसाच बसलो.

दहा वाजता स्क्रीनवर पर्यवेक्षिका आली. नाव येसेनिया. आवाज पन्नाशीचा, शांत. पाठीमागच्या खिडकीत ऊन आणि निवडुंग. बाई अ‍ॅरिझोनात बसली होती.

"सर, खोली दाखवा."

मी लॅपटॉप फिरवला. चार भिंती. छप्पर.

"आता जमीन."

मी घसा साफ केला आणि जमीन दाखवली.

"सर, ते काय आहे?"

"भोक."

"खाली कोण राहतं?"

"कोणी नाही, बाई. खाली तळं आहे."

"तुमच्या घराखाली?"

"घर तळ्यावर आहे."

"म्हणजे होडी आहे का?"

"होडी नाही. पाणी वरून गोठलेलं आहे. सव्वादोन फूट बर्फ आहे. तुम्ही काळजी करू नका, लोक यावर ट्रक चालवतात."

यावर तिची काळजी दुप्पट झाली. ती वरिष्ठांशी बोलून आली. नियमावलीत पुस्तक, टिपणं, हातघड्याळ, आरसा, पोपट या सगळ्यांवर बंदी होती. भोकाबद्दल कलम नव्हतं. परीक्षा सुरू झाली.

पहिले दोन तास बरे गेले, उत्तरं येत होती. मग तळं बोललं. थंडी वाढली की बर्फ ताणलं जातं आणि या काठापासून त्या काठापर्यंत एक लांबलचक गडगडाट जातो. आम्हाला ते ऐकून बरं वाटतं. बर्फ बोलतं म्हणजे ठणठणीत आहे.

"सर! हे काय झालं?"

बोलायला बंदी. मी हसून मान हलवली. पुन्हा गडगडाट झाला, खोपी जराशी थरारली, टेबलावरचा कॉफीचा पेला सरकला.

"सर, तुम्ही ताबडतोब बाहेर पडा."

बाहेर पडलो तर परीक्षा संपली. मी टाइप करत राहिलो. मला वाटतं, अ‍ॅरिझोनातून ते दृश्य फार करुण दिसत असणार. कडाडत्या तळ्यावर एक म्हातारा शेवटची उत्तरं लिहितोय.

"सर, परीक्षार्थीच्या जिवाला धोका दिसला तर मला कळवावंच लागतं. माफ करा."

तिने तिकडून फोन केला, तो फिरत फिरत आमच्या जिल्ह्यात आला, तिथून नॉर्डबीच्या अग्निशमन दलाकडे. म्हणजे व्हर्लिनकडे. बारा मिनिटांनी मला भोंगा ऐकू आला. आमच्या गावात भोंगा वाजला की दलाबरोबर सगळं गाव जातं. नाहीतर करणार काय फेब्रुवारीत? गाड्यांची दारं लागली. बर्फावर पावलं वाजली. निदान तीस माणसं असावीत.

"ऑर्विन!" व्हर्लिन दाराबाहेरून ओरडला. "बुडतोयस का रे?"

मी पुढची ओळ टाइप केली.

"उत्तर देत नाही," आर्डिसचा आवाज. "बुडालाच असेल."

"बुडाला असता तर शेगडीचा धूर आला असता का?"

"शेगडीला काय कळतंय तो बुडाला ते?"

दार माझ्या पाठीमागे होतं, थेट कॅमेऱ्यात. ते उघडलं की सगळं संपलं. कडीला हात लागल्याचा आवाज आला. ती खताची शेड, त्या गोण्या, तो शिंकणारा माणूस, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी स्क्रीनकडे बघत पुटपुटलो, "बाई, एक वाक्य बोलू?"

"एक," ती म्हणाली. "नोंद होईल."

मी मान न वळवता मोठ्याने म्हणालो, "व्हर्लिन, नको!"

"अरे, त्रास कसला त्यात!" बाहेरून उत्तर आलं.

"बाई, आणखी एक?"

"सर, तुम्ही एकच म्हणाला होतात."

"आमच्याकडे नकार चार हप्त्यांत द्यावा लागतो, बाई."

तिने उसासा सोडला, तो मी हजार मैलांवरून ऐकला. "बोला."

"खरंच नको, व्हर्लिन!"

"आलोच आहोत तर नुसतं बघून जातो ना."

"नको, नको!"

तिसरा नकार. बाहेर समाधानाची कुजबुज झाली आणि कडी वर सरकायला लागली.

"बाई," माझा आवाज फाटला, "चौथा मिळाला नाही तर आधीचे तीन फुकट गेले."

"शेवटचा, सर."

आणि एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा एका शेजाऱ्याला, मित्राला, जो मला वाचवायला आला होता त्याला, चौथ्यांदा म्हणालो, "नको!"

कडी थांबली. बाहेर अशी शांतता पसरली की तळ्यानेही तोंड मिटलं.

"चार झाले," व्हर्लिन हळूच म्हणाला.

"मीही मोजले," आर्डिस म्हणाली. "याच्या आईला आज काय वाटलं असतं!"

पावलं मागे गेली. पण कोणी घरी गेलं नाही. दहा हातांवर सगळे उभे राहिले असावेत, कारण थर्मासचं झाकण फिरवल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. मी पुढचा प्रश्न वाचला. 'वैयक्तिक लाभाचा मोह समोर असताना लेखापरीक्षकाने काय करावं?'

आणि घंटी वाजली.

आधी एकदाच, किणकिण. मग जोरात. काठी वाकली, इतकी वाकली की तिचं टोक पाण्यात गेलं आणि घंटी बुडताना बुडबुड्यांसकट वाजली. नऊ वर्षांत एक मासा नाही, आणि आता, शेवटची चाळीस मिनिटं उरली असताना!

"सर, नजर स्क्रीनवर. हात दिसू द्या."

मी दोन्ही हात कळफलकावर रोवले. बाहेर मासेमारी करणारी तीस माणसं उभी होती आणि त्या सगळ्यांनी घंटी ऐकली होती.

"ऑर्विन," व्हर्लिन लांबूनच म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "घंटी."

मी लिहिलं, 'लेखापरीक्षकाने मोहापासून दूर राहावं.'

"ऑर्विन, मोठा आहे रे. आवाजावरून कळतंय."

मी लिहिलं, 'आणि आपण दूर आहोत हे इतरांना दिसेल असं वागावं.'

"आत जाऊ या का?" कोणीतरी म्हणालं. "चार वेळा नको म्हणालाय तो," आर्डिसने दरडावलं. एक मोठा माणूस हुंदका आवरतोय असा आवाज आला. माझा उजवा पाय आपोआप काठीकडे सरकत होता, त्याला मी डाव्या पायाने दाबून धरलं. असं चाळीस मिनिटं. मी डोळे पुसायलासुद्धा हात उचलला नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पाठवलं आणि त्याच क्षणी खटकन आवाज झाला. टेकू निसटला, काठी फळ्यांवरून घसरत गेली, आणि घंटीसकट, व्हर्लिनच्या वडिलांच्या हाताच्या खुणांसकट, गुडुप.

बाहेर आलो. तीस जणांनी माझ्याकडे पाहिलं. व्हर्लिन आत गेला, भोकापाशी उभा राहिला, टोपी काढली, परत घातली.

"हं," तो म्हणाला. "हे वेगळंच झालं."

आमच्याकडे 'वेगळंच' याच्यापुढे फक्त कोर्टकचेरी असते.

पण हाल अजून संपले नव्हते. चार दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं. गुण उत्तम, पण निकाल रोखलेला. परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या यंत्राने अहवाल दिला होता. नजर खाली, एकशे बारा वेळा. घंटीचा इशारा, सदतीस वेळा. बाहेरील व्यक्तीशी सांकेतिक संभाषण, 'नको' हा शब्द निरनिराळ्या संख्येने. निष्कर्ष असा की जमिनीखाली साथीदार असण्याची शक्यता आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीला तीन प्राध्यापकांच्या समितीपुढे ऑनलाइन हजर राहायचं. दुसऱ्याच दिवशी ओमाहाची बाई यायची होती. ते दोन दिवस मी काही खाल्लं नाही, म्हणजे लव्हॉनच्या मते नेहमीच्या निम्मंच खाल्लं.

साक्षीदार म्हणून मी व्हर्लिनलाच बोलावलं. दुसरं कोण होतं? तो माझ्याशी सहा दिवस बोलला नव्हता, पण स्वच्छ शर्ट घालून आला.

आम्हा दोघांना शपथ देऊन अध्यक्ष म्हणाले, "श्री. क्विस्टाड, हा माणूस प्रामाणिक आहे का?"

व्हर्लिनने बराच विचार केला. "वाईट नाही," तो म्हणाला.

मला गहिवरून आलं. समितीने मात्र चमकून एकमेकांकडे बघितलं आणि अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं.

"आणि परीक्षेच्या दिवशीचं वर्तन?"

"वेगळंच होतं," व्हर्लिन म्हणाला. तेही लिहून घेतलं.

मी मनातल्या मनात एक गोणी उचलली.

तेवढ्यात समितीतल्या तिसऱ्या प्राध्यापक, एक बाई, पुढे झाल्या. सिग्ने हाल्व्हर्सन, चाळीस वर्षं लेखापरीक्षण शिकवलेल्या. आतापर्यंत त्या विणकाम करत होत्या. म्हणाल्या, "मी चित्रफीत पूर्ण बघितली. घंटी कशाने वाजत होती?"

"माशाने."

"तो किती वेळ गळाला होता?"

"चाळीस मिनिटं."

"आणि तुम्ही हात लावला नाहीत."

"हात दिसायला हवेत, असा नियम होता."

त्यांनी सुया खाली ठेवल्या. "किती मोठा होता?"

वाचकहो, माझी अवस्था बघा. हा प्रश्न मला आयुष्यात हजारदा विचारला गेलाय आणि दर वेळी माझे दोन्ही हात आपोआप लांब जातात. आत्ताही ते मांडीवरून उठले. तीस माणसं साक्षीला होती, की घंटी बुडेपर्यंत वाजली. मी तीस इंच म्हणालो असतो तरी गावात कोणी भागाकार केला नसता. व्हर्लिन माझ्या हातांकडे बघत होता. मी ते परत मांडीवर ठेवले.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मला दिसला नाही."

व्हर्लिनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाचव्यांदा नको म्हणालो.

हाल्व्हर्सनबाई अध्यक्षांकडे वळल्या. "माझं बालपण नॉर्थ डकोटातल्या एका तळ्याकाठी गेलं. वडील मासे धरायचे, चार काका धरायचे. निसटलेल्या माशाबद्दल 'माहीत नाही' म्हणणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघितला. याहून जास्त पुरावा लेखापरीक्षणात कधी मिळत नाही. पास करा त्यांना." आणि त्यांनी विणकाम उचललं.

एक मार्चला ओमाहाची बाई आली. मी निकालाचा कागद खुर्चीवर ठेवला होता. तिने वाचला, मान डोलावली आणि खुर्ची मला परत मिळाली. समितीसमोर मी जे म्हणालो ते त्या दिवसापुरतं खरं होतं. नंतर मी शांतपणे विचार केला, काठीचा बाक आठवला, घंटीचा सूर आठवला, आणि आता माझी खात्री आहे की तो मासा, आमच्या तळ्यातला वॉलआय, छत्तीस इंचांचा होता. येसेनियाबाईकडे सगळं चित्रित आहे, पण विद्यापीठ ती फीत कोणाला दाखवत नाही. गोपनीयतेचा नियम आहे म्हणे.

पदवीचं प्रमाणपत्र मे महिन्यात आलं. ते चौकटीत घालून मी कोठाराच्या कचेरीत टांगलं, जिथे इतर लोक पेंढा भरलेला मासा टांगतात तिथे. सगळं गाव बघून गेलं. व्हर्लिन शेवटी आला. फेब्रुवारीपासून तो माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलत होता. मी त्याला नवी काठी देऊ केली. तो तीनदा नको म्हणाला, म्हणून मी ती त्याच्या हातात ठेवली.

मग त्याने खिशातून टेप काढली, चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लावली आणि चष्मा वर करून आकडा वाचला.

"चौदा इंच," तो म्हणाला. "एवढा लहान तर मी परत सोडला असता."